पडलेल्या देवदूताचा धडा परत द्या : धर्मशिक्षण समितीला खुले पत्र

आदरणीय फादर, सिस्टर, धर्मशिक्षण समितीचे सर्व सभासद आणि प्रार्थनागटाच्या बंधुभगिनींनो,

जय येशू.

जून महिन्यात आपल्या धर्मशिक्षकांच्या बैठकीत दोन निर्णय वाचून दाखवले गेले. सातवीच्या मुलांना आपण इतकी वर्षं शिकवत आलेला 'देवदूतांचे पतन' हा, गर्वामुळे देवदूत पडून सैतान कसा झाला ते सांगणारा धडा यंदापासून वगळायचा, कारण तो मुलांना घाबरवणारा आणि जुनाट आहे, हा पहिला. त्या धड्याचे जे दोन रविवार मोकळे होतील, त्या वेळेत मुलांना बाहेरून येणाऱ्या प्रवचनकारांच्या 'मुक्ती रिट्रीट'ला, म्हणजे सैतानापासून सुटका मागणाऱ्या प्रार्थना-शिबिराला बसवायचं, हा दुसरा. मी हात वर केला होता. वेळ संपली आहे, लेखी द्या, असं मला सांगण्यात आलं. मी त्याच आठवड्यात लेखी दिलं. त्याला आता दोन महिने होतील आणि पोच सोडून काहीही हाती आलेलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे.

यात मी आपल्या धर्मग्रामाचं नाव लिहिलेलं नाही आणि कोणा व्यक्तीचंही नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही. पण हा प्रश्न आपल्या एका चर्चच्या आवारात मावणारा नाही, म्हणून तो वाचकांनीही वाचावा.

मी वसईची. बावीस वर्षं सातवीचा वर्ग घेते. पण हे पत्र मी आधी एक बहीण म्हणून लिहिते आहे, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही.

माझ्या धाकट्या भावाला अकराव्या वर्षापासून फिट येतात. पहिली फिट आली ती वाडीत, केळीला पाणी सोडताना. वडिलांनी त्याला पाटातून उचलून आणलं. पुढे डॉक्टर, तपासण्या, आणि मग सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या. गोळ्या लागू पडल्या. तो शिकला, वाडी सांभाळू लागला, फुलं घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाऊ लागला. कित्येक वर्षं त्याला एकही फिट आली नाही. मग एका रात्रीच्या प्रार्थनासभेत, उपवास आणि जागरण झालेलं असताना, त्या गोंगाटात आणि उकाड्यात त्याला फिट आली. अपस्माराच्या रुग्णाला झोपमोड आणि उपाशीपोट किती महाग पडतं हे कोणताही डॉक्टर सांगेल. पण व्यासपीठावरून माईकवर सांगण्यात आलं की याच्यात सैतान आहे, तो आज उघडा पडला. भोवतीची माणसं मागे सरकली. नंतर त्याला समजावण्यात आलं की गोळ्या घेत राहणं हा अविश्वास आहे.

माझा भाऊ श्रद्धावान आहे. त्याने गोळ्या बंद केल्या. आम्हांला सांगितलं नाही. नवव्या दिवशी त्याला फिटवर फिट येत राहिली, मधे शुद्धच येईना. रुग्णालयात पाच दिवस तो बेशुद्ध होता. तो वाचला. पण आईचं नाव आठवायला त्याला आता थोडा वेळ लागतो, आणि दादरची गाडी त्याने पुन्हा धरली नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला गेलो. आमच्या बाकावर माझ्याच वर्गात येणारी एक बारा वर्षांची मुलगी बसली होती. माझा भाऊ शेजारी बसला तशी ती उठली आणि मागच्या बाकावर गेली. तिचा दोष नाही. सैतान म्हणजे काय हे तिला प्रार्थनासभेच्या मंडपात शिकवलं गेलं होतं आणि माझा तो धडा यायला अजून चार महिने होते. त्या दिवशी मला कळलं की तो धडा किती आधी शिकवायला हवा. आणि आपण तो काढूनच टाकला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की धडा न वाचताच तो घाबरवणारा ठरवला गेला. मी काय शिकवते हे समितीतल्या किती जणांनी वर्गात बसून ऐकलं आहे? मी शिंगं आणि शेपूट काढत नाही. मी सांगते की पवित्र शास्त्रात देवदूताच्या पतनाची कथा एका जागी सलग कुठेच लिहिलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी येते आणि ख्रिस्तसभेने ते तुकडे शतकानुशतकं एकत्र वाचले. यशया संदेष्ट्याच्या १४ व्या अध्यायात प्रभातपुत्र म्हटलेला तेजस्वी तारा आकाशातून पडतो. ते शब्द मुळात बाबेलच्या राजाला उद्देशून आहेत, हे त्याच अध्यायाच्या चौथ्या ओवीत स्पष्ट आहे, आणि मी ते मुलांना वाचून दाखवते. संत जेरोमने लॅटिन भाषांतर करताना त्या ताऱ्यासाठी 'लुसिफेर', म्हणजे प्रकाश आणणारा, पहाटतारा, हा शब्द वापरला. तिथून ते सैतानाचं नाव होऊन बसलं. आपल्या मराठी बायबलमध्ये त्या जागी हे नाव नाही, ताराच आहे. मुलांना याचं फार नवल वाटतं. त्याहून नवल वाटतं ते हे ऐकून की पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या जागरणात मोठ्या मेणबत्तीपुढे जे स्तुतिगान गातात, त्याच्या लॅटिन मुळात हाच शब्द ख्रिस्तासाठी येतो, कधीही न मावळणारा पहाटतारा म्हणून. प्रकाश आणण्याचं काम मुळात वाईट नव्हतंच.

मग मी मुलांना एक काम देते. यशयाच्या त्या ओव्यांत तो राजा किती वेळा 'मी' म्हणतो ते मोजा. मी आकाशात चढेन, मी माझं सिंहासन ताऱ्यांच्याही वर नेईन, मी सभेच्या पर्वतावर बसेन, मी मेघांच्या वर जाईन, मी परात्परासारखा होईन. पाच वेळा. मुलं बोटांवर मोजतात. त्यानंतर मी फळ्यावर मिखाएल हे नाव लिहिते आणि त्याचा हिब्रू अर्थ सांगते : 'देवासारखा कोण आहे?' प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात अजगराशी जो लढतो त्याचं नावच एक प्रश्न आहे. पाच वेळा म्हटलेल्या 'मी'समोर एक प्रश्न. यात घाबरवणारं काय आहे? बावीस वर्षांत माझ्या वर्गातलं एकही मूल या धड्यानंतर रात्री दचकून उठल्याचं मी ऐकलं नाही. रिट्रीटनंतर उठल्याचं चार आयांनी मला येऊन सांगितलं आहे.

एका वर्षी एका मुलाने विचारलं, "टीचर, तो तर देवाजवळच होता. त्याला कमी काय होतं?" या एका प्रश्नावर मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्यं घालवली आहेत. संत अन्सेल्मने अकराव्या शतकात सैतानाच्या पतनावर स्वतंत्र संवादच लिहिला. संत थॉमस अक्विनास म्हणतात की देवाच्या बरोबरीचं होता येणार नाही हे त्या देवदूताला पक्कं कळत होतं. त्याची बुद्धी आपल्यासारखी चुकणारी नव्हती. जे परमसुख देव कृपेने देणार होता, तेच त्याला स्वतःच्या बळावर हवं होतं. मी त्या मुलाला माझ्या शब्दांत सांगितलं की त्याला कमी काहीच नव्हतं, फक्त कोणाचे आभार मानायची त्याची तयारी नव्हती. तो मुलगा आज तिशीचा आहे. परवा एका लग्नात भेटला तेव्हा त्याने ते उत्तर मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. धडा काढून त्या जागी जे आणलं जात आहे त्यात 'सैतान' म्हणून दाखवायचं बोट चुकीच्या माणसाकडे वळवलेलं आहे. आपण पवित्र शास्त्रातला प्रत्येक उतारा काढून पाहू. यशयाचे शब्द बाबेलच्या राजाला आहेत. यहेज्केलच्या २८ व्या अध्यायातले शब्द सोर नगराच्या राजाला आहेत : तुझ्या सौंदर्यामुळे तुझं मन गर्विष्ठ झालं, तुझ्या वैभवामुळे तू आपलं शहाणपण बिघडवलंस. दोन्ही जागी पडणारा माणूस सिंहासनावरचा आहे, सुंदर आहे, शहाणा आहे, धनवान आहे. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हीच गोष्ट ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्याला लावलेली आहे : नवखा माणूस त्या पदावर नेमू नका, नाहीतर तो गर्वाने फुगेल आणि सैतानाला झालेल्या शिक्षेत सापडेल. पतनाचा दाखला द्यायचा तो वर बसलेल्यांना, मान मिळालेल्यांना, माईक हातात असलेल्यांना. खाटेवर पडलेल्या रोग्याला उद्देशून 'तू पडलास' असं शास्त्र एकाही जागी म्हणत नाही.

संत ऑगस्टीनने हे फार बारकाईने पाहिलं. ते म्हणतात, सैतानाला दारुडा म्हणता येणार नाही, व्यभिचारी म्हणता येणार नाही, कारण त्याला देहच नाही. तरी तो गर्विष्ठ आहे, मत्सरी आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले. कारण मी दारू पीत नाही. बुधवार-शुक्रवारचे उपवास करते. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चुकवत नाही. आणि हे सगळं करूनही त्या देवदूताच्या शेजारी जाऊन बसणं मला सहज शक्य आहे. आपल्यापैकी जे वेदीजवळ असतात, वाचन करतात, गायनवृंदात आहेत, प्रार्थनागट चालवतात, धर्मशिक्षण देतात, त्यांच्यासाठी हा धडा आहे. घाबरायचंच असेल तर ते आपण घाबरायला हवं. 'गर्वाचे घर खाली' ही म्हण आपण मुलांना उठता-बसता ऐकवतो, पण त्या म्हणीतला गर्व पैशाचा नाहीतर रूपाचा असतो. या शिकवणुकीतला गर्व भक्ताचा आहे, म्हणून तो ओळखायला कठीण जातो, आणि म्हणून तो धडा लहानपणीच शिकवायला हवा.

तिसरी गोष्ट. रिट्रीटमध्ये सैतानाचं जे वर्णन केलं जातं, त्यात तो जवळजवळ देवाच्या तोडीचा होतो. घराच्या भिंतीत तो, फोनमध्ये तो, आजोबांनी केलेल्या कोणत्यातरी पापातून तो नातवाच्या पोटात. ख्रिस्तसभेने ही कल्पना ८०० वर्षांपूर्वीच नाकारलेली आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन महासभेने ठरवून सांगितलं की सैतान आणि इतर दुरात्मे यांना देवाने निर्माण केलं ते चांगलंच. ते स्वतःहून वाईट झाले. त्या काळी दक्षिण फ्रान्समध्ये दोन शक्तींचा, एक चांगली आणि एक वाईट असा पंथ पसरला होता, त्याला ते उत्तर होतं. १९९२ च्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातल्या ३९१ ते ३९५ या परिच्छेदांत हेच पुन्हा सांगितलं आहे, आणि सैतानाची शक्ती अमर्याद नाही, तो शेवटी एक निर्मित जीवच आहे, हेही तिथे आहे. आपण मुलांना हे पाच परिच्छेद न देता मंडपातली भीती देणार असू, तर आपण त्यांना ख्रिस्ती श्रद्धा देत नाही आहोत.

यातच आणखी एक गोष्ट येते आणि ती मला लिहिताना त्रास होतो. गेल्या वर्षी नववीच्या मुलांना कागद वाटून विचारण्यात आलं की तुमच्या घरात आजारी कोण आहे, आणि तुम्ही शेजाऱ्यांच्या गणपतीचा प्रसाद कधी खाल्ला आहे का. दोन्ही प्रश्न एकाच कागदावर, एकाखाली एक. मुलांनी त्यातून काय जोडायचं ते जोडलं. माझ्या आईच्या बाळंतपणात रात्रभर जागलेली बाई आमच्या समोरच्या हिंदू घरातली होती. आपल्या वसईत अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ सालीच म्हटलं आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. शेजाऱ्याच्या मोदकात आजार शोधायला शिकवणं त्या महासभेच्या विरुद्ध आहे.

चौथी तक्रार नियमांची आहे आणि ती थोडक्यात सांगता येईल. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्याच्या, ११७२ व्या कलमानुसार सैतान काढण्याचा विधी बिशपांच्या खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय कोणीही करू शकत नाही, आणि ती परवानगी फक्त धर्मगुरूलाच मिळते, तीही त्याची भक्ती, ज्ञान, विवेक आणि सचोटी पाहून. धर्मशिक्षण ग्रंथाचा १६७३ वा परिच्छेद सांगतो की विधीआधी हा आजार नाही याची खात्री करून घेणं महत्त्वाचं आहे, आणि आजार, विशेषतः मनाचा आजार, ही वैद्यकशास्त्राची बाब आहे. माझ्या भावाच्या वेळी यातलं काय पाळलं गेलं? परवानगी नव्हती, खात्री करून घेणं नव्हतं, डॉक्टर नव्हता. होता तो फक्त माईक. देशाचा कायदा मी इथे आणत नाही, पण महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, बांधून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे, हे व्यासपीठावर उभं राहणाऱ्याने जाणून असावं.

प्रवचनकार नेहमी मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाचा आधार घेतात. फेस गाळणारा, दात खाणारा तो मुलगा, त्याचा बाप, आणि येशूने त्याला बरं केलं ती कथा. माझ्या भावासमोरही तीच वाचली गेली. माझी विनंती आहे की तो अध्याय तिथे थांबवू नका, पुढे वाचा. शिष्यांनी आधी प्रयत्न केला होता आणि त्यांना जमलं नव्हतं. 'आम्हांला का जमलं नाही?' असं ते येशूला एकांतात विचारतात, तेव्हा प्रार्थनेवाचून हे होत नाही, असं उत्तर मिळतं. आणि त्यानंतर त्याच अध्यायात, कफर्णहूमच्या वाटेवर ते कशावरून भांडतात? आपल्यात मोठा कोण, यावरून. ज्यांच्या हातून एक मूल बरं झालं नाही ते मोठेपणावर वाद घालत चालले आहेत. येशू एक बालक मधे उभं करतो. लूकच्या दहाव्या अध्यायात तर हे आणखी स्पष्ट आहे. शिष्य आनंदाने परत येतात आणि सांगतात की प्रभो, तुझ्या नावाने दुरात्मेसुद्धा आम्हांला वश होतात. तेव्हा येशू म्हणतो, सैतानाला आकाशातून विजेसारखं पडताना मी पाहिलं. आणि लगेच पुढे सांगतो की आत्मे तुम्हांला वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना.

हे वाक्य मी अनेक वर्षं नुसतं विजयाचं वाक्य म्हणून वाचत होते. भाऊ रुग्णालयात होता तेव्हा त्या पाच रात्रींत मला ते वेगळं दिसलं. ते कोणाला उद्देशून आहे ते पाहा. दुरात्मे काढून आलेल्या, खूश झालेल्या शिष्यांना. दुरात्मे काढण्याचा आनंद डोक्यात चढू लागला त्याच क्षणी येशूने त्यांना त्या पडलेल्याची आठवण दिली. तोही एकेकाळी सामर्थ्यवान होता. संत ग्रेगरीसारखे जुने आचार्यही या ओवीत शिष्यांना दिलेला हाच इशारा वाचतात. यहूदाच्या पत्रातही मिखाएल सैतानाशी वाद घालताना त्याला शिवी द्यायला धजत नाही, 'प्रभू तुला धमकावो' एवढंच म्हणतो. महादूत जिथे इतका जपून बोलतो, तिथे आपण एका आजारी शेतकऱ्यावर माईकवरून ओरडलो.

मला इथे स्वतःबद्दलही लिहायला हवं. मी हे पत्र का लिहिते आहे, हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं. बावीस वर्षांचा माझा वर्ग, माझा धडा, आणि मला न विचारता तो काढला. यात माझा मान दुखावला आहे का? हो, दुखावला आहे. ते मी कबुलीजबाबातही सांगितलं. फादरांनी मला सांगितलं की दुखावलेला मान बाजूला काढून जे उरेल तेवढंच लिही. मी आठ दिवस थांबले. उरलं ते हे : माझा भाऊ, ती बाक सोडून गेलेली मुलगी, आणि येत्या सप्टेंबरात त्या मंडपात बसवली जाणारी सातवीची एकतीस मुलं. आणखी एक कबूल करते. त्या रात्रीच्या सभेला मीही होते. व्यासपीठावरचे शब्द मला खटकले, पण मी ज्येष्ठ धर्मशिक्षिका, लोक काय म्हणतील, म्हणून मी उठले नाही. लोकांच्या नजरेतली माझी जागा मला त्या क्षणी भावापेक्षा मोठी वाटली. तो गर्वच होता आणि त्याची किंमत भावाने मोजली.

आपण म्हणाल, प्रार्थनेने माणसं बरी होतात यावर तुमचा विश्वास नाही का? आहे. भावासाठी मी रोज प्रार्थना करते. पण बायबलमधल्या बेन सिराच्या ज्या ग्रंथात गर्व हे पापाचं मूळ म्हटलं आहे, त्याच ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राख, त्याला प्रभूनेच निर्माण केलं, असं सांगितलं आहे. प्रभूने भूमीतून औषधं उपजवली आणि शहाणा माणूस ती झिडकारत नाही. टोबीतच्या ग्रंथात रफाएल महादूत स्वतः माशाचं पित्त आंधळ्या बापाच्या डोळ्यांत घालायला सांगतो. देवदूताने औषध दिलं आणि आपण देवाच्या नावाने औषध बंद करायला सांगितलं.

आणि हा धडा 'जुनाट' म्हणाल तर तो खरोखरच जुना आहे. १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठी ओव्यांत, मराठी माणसांसाठी. त्याच्या पहिल्या पुराणात देवदूतांची उत्पत्ती आणि त्यांचं पतन आलेलं आहे. दूर इंग्लंडातून आलेल्या त्या धर्मगुरूला आपल्या नवख्या ख्रिस्ती पूर्वजांना ही गोष्ट मराठीत सांगण्याची गरज वाटली. चारशेहून अधिक वर्षांनी त्यांच्याच वंशजांना ती नको झाली, हे मला सहन होत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

'देवदूतांचे पतन' हा धडा याच वर्षी, दोन पूर्ण रविवार देऊन, सातवीला शिकवला जावा. शास्त्रातले मूळ उतारे मुलांच्या हातात असावेत.

अठरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला मुक्ती रिट्रीटला बसवू नये. आईवडिलांची सही आणली म्हणून हे योग्य ठरत नाही. मुलांकडून घरातल्या आजारांची आणि शेजाऱ्यांच्या धर्माची माहिती लिहून घेतलेले कागद नष्ट करावेत आणि तसं पालकांना कळवावं.

कोणाचंही औषध कमी किंवा बंद करण्याचा सल्ला व्यासपीठावरून, प्रार्थनागटात किंवा घरभेटीत दिला जाणार नाही, असं निवेदन सलग चार रविवारी प्रत्येक मिस्सात वाचावं आणि चर्चच्या फलकावर कायम लावावं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, एवढं एक वाक्य पुरे आहे. आपल्या धर्मग्रामात फिट येणारी, मनाच्या आजाराची औषधं घेणारी आणखी माणसं आहेत. ती गप्प बसतात, कारण माझ्या भावाचं काय झालं ते त्यांनी पाहिलं आहे.

बाहेरचा प्रवचनकार बोलवायचा असेल तर आधी बिशप हाऊसची लेखी परवानगी घ्यावी. कोणाला दुरात्म्याची बाधा आहे असं वाटलं तर ती गोष्ट आधी डॉक्टरांकडे, मग धर्मगुरूंमार्फत बिशपांकडे जावी. गटप्रमुखांनी मधल्या मधे काही करू नये. गटप्रमुखपदाची मुदत तीन वर्षांची असावी. माझ्यासकट सर्व ज्येष्ठ धर्मशिक्षकांनाही हीच मुदत लावावी. या वर्षाअखेर माझा वर्ग मी दुसऱ्याकडे सोपवायला तयार आहे, फक्त धडा राहू द्या.

शेवटची मागणी घरची आहे. माझा भाऊ कोणावर रागावलेला नाही आणि त्याला कोणाची क्षमायाचना नको आहे. पण त्या रात्री मंडपात शेकडो माणसांसमोर म्हटलं गेलं की याच्यात सैतान आहे. ते खरं नव्हतं. तेवढंच, तितक्याच माणसांसमोर, तितक्याच मोठ्या आवाजात सांगितलं जावं. २९ सप्टेंबरला महादूतांच्या सणाच्या मिस्साला ते करता येईल. त्या दिवशी तो माझ्याबरोबर डावीकडच्या तिसऱ्या बाकावर असेल.

समितीने आपलं उत्तर लेखी द्यावं आणि ते फलकावरही लावावं. दर रविवारी साडेआठच्या मिस्सानंतर मी सातवीच्या वर्गात असते. धड्याची माझी हाताने लिहिलेली वही तिथल्या मेजावर ठेवली आहे. समितीतल्या कोणीही ती घरी न्यावी आणि वाचावी. आणि ती बारा वर्षांची मुलगी किंवा तिची आई हे वाचत असेल तर त्यांना एवढंच सांगते, शेजारी बसायला काही हरकत नाही, तो फक्त थोडा हळू बोलतो.

ख्रिस्तात आपली,
सातवीच्या वर्गाची धर्मशिक्षिका, वसई